सक्तीच्या पैजेचा हिशेब

पोकरवरची बहुतेक पुस्तके चांगल्या पानांपासून सुरू होतात. एक्क्यांची जोडी आली तर किती वाढवायचे, एक्का-राजा आला तर कोणासमोर थांबायचे, फ्लश जुळत आला असेल तर किती मोजायचे, अशा प्रश्नांनी त्यांची पहिली प्रकरणे भरलेली असतात. या पुस्तकाचा विषय त्याच्या आधी सुरू होतो. टेक्सस होल्डेममध्ये पाने वाटण्यापूर्वीच दोन खेळाडूंना ठरावीक रक्कम पॉटमध्ये टाकावी लागते. डीलरचे बटन ज्याच्यासमोर असते त्याच्या डावीकडचा पहिला खेळाडू स्मॉल ब्लाइंड भरतो आणि दुसरा बिग ब्लाइंड. पहिली रक्कम बहुधा दुसरीच्या निम्मी असते. दर डावाला बटन एक जागा पुढे सरकते, म्हणून ही सक्ती आळीपाळीने सगळ्यांच्या वाट्याला येते. तीन पत्ती खेळलेल्या वाचकाने इथे एवढे ध्यानात ठेवावे, की तिथे बूट सगळेच भरतात आणि इथे फक्त दोघे. तसेच रक्कम आधी भरावी लागली तरी पुढचा निर्णय इथे प्रत्येक जण आपली दोन पाने पाहूनच घेतो. ही सक्तीची पैज नसती तर प्रत्येकाला एक्क्यांच्या जोडीची वाट पाहत फुकट बसून राहता आले असते आणि खेळ उभाच राहिला नसता. पॉटमध्ये आधीपासून पडलेले हे दीड ब्लाइंड मिळवण्यासाठीच पहिली पैज लागते. होल्डेमच्या सगळ्या डावपेचांचे मूळ या दोन खुर्च्यांत आहे.

या दोन खुर्च्यांची अडचण दुहेरी आहे. एक तर पाने कशीही आली तरी पैसे गेलेले असतात. दुसरे म्हणजे फ्लॉपच्या आधी ब्लाइंडवाले सर्वांत शेवटी बोलतात, पण फ्लॉपनंतरच्या तिन्ही फेऱ्यांत त्यांनाच आधी बोलावे लागते. फ्लॉप (पहिली तीन समाईक पाने), टर्न (चौथे) आणि रिव्हर (पाचवे) या तिन्ही टप्प्यांवर समोरचा काय करणार हे माहीत नसताना त्यांना चेक किंवा बेट ठरवावी लागते आणि समोरचा मात्र त्यांची चाल पाहून आपली चाल ठरवतो. अपुरी माहिती हाच ज्या खेळाचा गाभा, त्यात शेवटी बोलण्याचा हक्क फार मोठा असतो. म्हणून या पुस्तकाचे म्हणणे सुरुवातीलाच स्पष्ट सांगतो. ब्लाइंडमध्ये बसलेल्या खेळाडूने नफ्याची अपेक्षा धरू नये. सक्तीने गेलेल्या रकमेतला जास्तीत जास्त भाग परत मिळवणे हे त्याचे काम आहे. त्याचा प्रत्येक निर्णय शून्याशी ताडून पाहण्यात अर्थ नाही. तो ताडायचा तो डाव सोडून दिल्यावर होणाऱ्या तोट्याशी. ही मोजपट्टी एकदा हातात आली, की किती पानांनी लढायचे, कधी तिसरी पैज लावायची, फ्लॉपवर काय करायचे, हे सगळे प्रश्न तिच्यावर मोजता येतात.

आकडे समोर ठेवू. स्मॉल ब्लाइंड ५० चिप आणि बिग ब्लाइंड १०० चिप असा खेळ धरू. पुढेही हीच उदाहरणे येतील. सहा जणांच्या टेबलावर कोणी प्रत्येक डाव सोडत बसला तर सहा डावांत त्याचे १५० चिप जातात, म्हणजे शंभर डावांत २,५०० चिप. नऊ जणांच्या टेबलावर हाच खर्च शंभर डावांना सुमारे १,६६७ चिप होतो. बिग ब्लाइंडच्या खुर्चीत बसून डाव सोडला की नेमका १०० चिपचा तोटा होतो. एखाद्या पानांनी कॉल करून, फ्लॉप पाहून, कधी हरून आणि कधी जिंकून सरासरी ७० चिपचा तोटा होत असेल, तर तो कॉल ३० चिप वाचवणारा आहे. वहीत तो तोटाच दिसेल. वही पाहून जो म्हणतो, ‘या पानांनी मी नेहमी हरतो, म्हणून ती खेळणार नाही,’ तो दर वेळी ३० चिप जास्त घालवायला तयार झालेला असतो. कसोटीच्या पहिल्या सकाळी चेंडू फिरत असताना सलामीवीराने काढलेल्या वीस धावा धावफलकावर किरकोळ दिसतात. त्यांचे मोल त्या तासात किती गडी पडू शकले असते यावरून ठरते. ब्लाइंडमधल्या खेळाचे मोलही असेच ठरवावे लागते.

उत्तम खेळूनही तोटा होतो, हे कोणाला खेळाडूंनी शोधलेले निमित्त वाटेल. त्याला गणिती पुरावा आहे. कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठात मायकेल बाउलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन खेळाडूंमधला लिमिट होल्डेम संगणकाच्या साहाय्याने व्यवहारतः पूर्ण सोडवला आणि जानेवारी २०१५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. दोघांच्या खेळात बटन आणि स्मॉल ब्लाइंड एकाच खेळाडूकडे असतात आणि बिग ब्लाइंड दुसऱ्याकडे. दोघेही निर्दोष खेळले तर बटनवाला डावामागे बिग ब्लाइंडच्या ८७.७ ते ८९.७ सहस्रांश इतक्या फायद्यात राहतो, असे त्यांनी दाखवले. याचा अर्थ असा, की पृथ्वीवर कोणी खेळू शकणार नाही इतका अचूक खेळ केला तरी बिग ब्लाइंडवाला आपल्या उदाहरणातल्या चिपांत डावाला सरासरी नऊच्या आसपास गमावणारच. पण प्रत्येक डाव सोडला असता तर त्याने १०० गमावले असते. सक्तीच्या शंभरातले सुमारे एक्याण्णव चिप निव्वळ खेळून परत मिळवता येतात. याच संशोधनात आणखी एक गोष्ट नोंदलेली आहे. बिग ब्लाइंडच्या बाजूने हा प्रोग्रॅम बहुतेक मानवी खेळाडूंपेक्षा अधिक प्रकारच्या पानांनी खेळतो. सहा जणांचा नो-लिमिट खेळ याहून बराच वेगळा आहे आणि हे आकडे तिथे जसेच्या तसे लागू होत नाहीत. तिथे वाचवता येणारा भाग पुष्कळ कमी असतो. पण दिशा तीच राहते: तोटा अटळ, त्याचे प्रमाण आपल्या हातात.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. गेलेले पैसे गेलेच, ते वाचवायला धावणे म्हणजे बुडत्या धंद्यात आणखी भांडवल ओतणे नव्हे काय? आक्षेपातले अर्थशास्त्र बरोबर आहे. पॉटमध्ये पडलेले १०० चिप आता बिग ब्लाइंडवाल्याचे नाहीत आणि ‘माझे पैसे आहेत’ या भावनेने केलेला कॉल चुकीचाच. ‘ब्लाइंड वाचवणे’ हा टेबलावरचा रुळलेला शब्दप्रयोग त्या भावनेला खतपाणी घालतो. पण ती रक्कम पॉटमध्ये आहे, ती कोणाला तरी मिळणार आहे, आणि तिच्यामुळे पुढच्या कॉलची किंमत बदलते. बटनवाल्याने २५० चिपपर्यंत रेज केले आणि स्मॉल ब्लाइंडने डाव सोडला, असे धरू. पॉटमध्ये आता ४०० चिप आहेत आणि बिग ब्लाइंडला आणखी १५० भरायचे आहेत. भरल्यावर पॉट ५५० होईल. दीडशे भागिले साडेपाचशे म्हणजे २७.३ टक्के. पॉटचा एवढा हिस्सा सरासरीने त्याच्या वाट्याला येत असेल तर कॉल डाव सोडण्याइतकाच चांगला, त्याहून जास्त येत असेल तर अधिक चांगला. तेच २५० चिप टेबलावरच्या दुसऱ्या कोणी भरायचे म्हटले तर त्याला सगळेच्या सगळे खिशातून काढावे लागतात. बिग ब्लाइंडला तेवढ्याच पॉटचे तिकीट १५० ला मिळते, म्हणून इतरांनी टाकून द्यावीत अशी पाने त्याला खेळता येतात. हा निर्णय पूर्णपणे पुढच्या खर्चाचा आणि पुढच्या मिळकतीचा आहे. मागचा पैसा त्यात फक्त आजची किंमत ठरवतो.

पण किमतीचा हा हिशेब अर्धवट शिकलेल्या खेळाडूला भलतीकडे नेतो. इस्पिक सत्ती आणि चौकट दुर्री ही होल्डेममधली सर्वांत बदनाम पाने. तरीही वेगवेगळ्या रंगांच्या एक्का-राजासमोर पाचही समाईक पाने उघडेपर्यंत बसायला मिळाले तर ती सुमारे तीनांत एकदा जिंकतात. किंमत २७.३ टक्के आणि हिस्सा ३३ टक्क्यांच्या आसपास. मग कॉल करायला हवा ना? नाही, कारण पाचही पाने पाहायला मिळतीलच अशी हमी नसते. जोडी नसलेल्या कोणत्याही दोन पानांना फ्लॉपवर जोडी किंवा त्याहून चांगले काही जुळण्याचा योग तीनांत एकदा, नेमके सांगायचे तर सुमारे ३२ टक्के असतो. उरलेल्या दोन वेळा सत्ती-दुर्रीवाला चेक करतो, समोरचा बेट लावतो आणि डाव सुटतो. टर्नवर सत्ती येणार होती की नाही हे त्याला कळतही नाही. जुळले तरी सत्त्यांच्या जोडीने तीन फेऱ्या बेटा झेलणे अवघड असते. कागदावरच्या हिश्श्यापैकी समजा साठ टक्केच प्रत्यक्ष पदरात पडला, तर ३३ चे २० होतात आणि कॉल तोट्याचा ठरतो. आता बदामची छक्की आणि पंजी घ्या. त्याच एक्का-राजासमोर यांचा कागदावरचा हिस्सा ४१ टक्क्यांच्या आसपास आहे आणि त्यातला मोठा भाग प्रत्यक्षात वसूल होतो, कारण सलग आकडे आणि एक रंग यांमुळे काहीही जुळलेले नसतानाही पुढच्या फेरीत जाण्यासारखे काही ना काही हाती राहते. या वसुलीचा अंदाज घेणे हे ब्लाइंडच्या खेळातले पहिले खरे कौशल्य, आणि पुढच्या प्रकरणांत सर्वाधिक पाने याच विषयाला दिली आहेत.

दुसरा आक्षेप जुन्या पुस्तकांचा आधार घेऊन येतो. पूर्वीच्या नामवंत लेखकांनी ब्लाइंडमध्ये हात आखडून खेळा असे बजावले, ते काय अडाणी होते? मुळीच नव्हते. त्यांचा सल्ला त्यांच्या काळच्या किमतीला धरून होता. नऊ-दहा जणांच्या टेबलावर, पुढच्या, म्हणजे आधी बोलायच्या, जागेवरून कोणी ४०० चिपपर्यंत रेज केले, तर बिग ब्लाइंडला ५५० च्या पॉटसाठी ३०० भरावे लागत आणि ३५ टक्क्यांहून अधिक हिस्सा लागे. शिवाय पुढच्या जागेवरून रेज करणाऱ्याची पाने भक्कम असत. अशा वेळी छक्की-पंजी टाकून देणेच शहाणपणाचे. आज सहा जणांच्या खेळात बटनवरून २०० ते २५० चिपचे रेज नेहमीचे झाले आहे आणि बटनवाला निम्म्याच्या आसपास पानांनी रेज करतो. २०० च्या रेजसमोर बिग ब्लाइंडला ३५० च्या पॉटसाठी फक्त १०० भरायचे असतात, म्हणजे २२.२ टक्के. २०१८ च्या सुमारास स्पर्धांमध्ये सर्वांचा अँटे, म्हणजे बूटसारखी प्रत्येकाने भरायची रक्कम, बिग ब्लाइंडवाल्यानेच एकदम भरायची पद्धत रूढ झाली. तो अँटे १०० चिप धरला तर हीच गरज १८.२ टक्क्यांवर येते. त्या किमतीला डाव सोडणे फार थोड्या पानांना परवडते. उलट बाजूने, स्पर्धेत बक्षिसांची जागा जवळ आली, की गमावलेल्या चिपचे मोल मिळवलेल्या चिपपेक्षा जास्त होते आणि तिथे पुन्हा हात आखडावा लागतो. तेव्हा जुना सल्ला आणि नवा सल्ला यांत भांडण नाही. दोन्हींच्या मागचा हिशेब एकच आहे. बदलली ती किंमत. जो वाचक फक्त सल्ला पाठ करतो तो किंमत बदलल्यावर फसतो, म्हणून या पुस्तकात पानांच्या तक्त्यांपेक्षा तक्ते कसे तयार होतात यावर भर आहे.

आता टेबलाच्या दुसऱ्या बाजूने पाहू, कारण ब्लाइंडवाला किती वेळा लढतो यावर बटनवाल्याचे धारिष्ट ठरते. २५० चिप लावून १५० उचलू पाहणाऱ्या बटनवाल्याला ६२.५ टक्के वेळा दोघांनीही डाव सोडला तर बरोबरी साधते. समजा स्मॉल ब्लाइंड ८५ टक्के डाव सोडतो आणि बिग ब्लाइंड ७५ टक्के. दोघांनीही सोडण्याचे प्रमाण ६३.७५ टक्के झाले. म्हणजे बटनवाल्याने पाने न पाहता रेज केले आणि कॉल आला की दर वेळी मुकाट्याने डाव सोडला, तरी तो फायद्यात राहील. प्रत्यक्षात कॉल आल्यावरही त्याच्याजवळ बटन असते आणि काही वेळा चांगली पानेही असतात, म्हणून त्याचा खरा फायदा याहून बराच मोठा. बिग ब्लाइंडने तेच प्रमाण ६० टक्क्यांवर आणले, म्हणजे शंभरातले चाळीस डाव लढवले, तर दोघांनी सोडण्याचे प्रमाण ५१ टक्क्यांवर येते आणि कुठल्याही पानांनी पॉट उचलण्याचा धंदा तोट्यात जातो. होल्डेममध्ये सुरुवातीच्या दोन पानांच्या १,३२६ जोड्या होतात. त्यांतल्या चाळीस टक्के म्हणजे सुमारे ५३०. इतक्या जोड्यांनी लढायचे म्हटले, की त्यांत देखण्या पानांखेरीज राणी-अठ्ठी, दश्शी-सत्ती, एका रंगाची पंजी-चौकी अशी मध्यम आणि किरकोळ पाने येणारच. ती खेळायची ती आवड म्हणून नव्हे. त्यांची किंमत परवडते आणि ती सोडली तर समोरच्याला मोकळे रान मिळते, म्हणून.

स्मॉल ब्लाइंडची खुर्ची मात्र वेगळी आहे आणि दोन्ही ब्लाइंडना एकच नियम लावणे ही नवशिक्यांची मोठी चूक असते. बटनच्या त्याच २५० च्या रेजसमोर स्मॉल ब्लाइंडला ४०० च्या पॉटसाठी २०० भरावे लागतात, म्हणजे ३३.३ टक्के. त्याच्या मागे बिग ब्लाइंड अजून बोलायचा आहे. तो पुन्हा रेज करू शकतो किंवा स्वस्तात तिसरा वाटेकरी होऊ शकतो. फ्लॉपनंतर सर्वांत आधी बोलायची पाळी स्मॉल ब्लाइंडचीच. त्यात अनेक ठिकाणी फ्लॉप पडला नाही तर टेबलमालक पॉटमधून रेक कापत नाही, म्हणून फ्लॉपआधीच पॉट जिंकणाऱ्या रेजला जास्तीचा फायदा मिळतो आणि कॉलला जास्तीचा भुर्दंड पडतो. या सगळ्यामुळे रेजसमोर स्मॉल ब्लाइंडमधून बहुतांशी पुन्हा रेज करावे किंवा डाव सोडावा आणि कॉल मोजक्याच पानांसाठी ठेवावा, असा निष्कर्ष निघतो. सगळ्यांनी डाव सोडून पाळी स्मॉल ब्लाइंडवर आली, की चित्र पालटते. तेव्हा फक्त ५० चिप भरून तो १५० च्या पॉटवर हक्क सांगू शकतो. गरज २५ टक्क्यांची. नुसता कॉल करून डावात शिरणे, म्हणजे लिंप करणे, हे एरवी दुबळेपणाचे लक्षण मानले जाते. कार्नेगी मेलन विद्यापीठातील नोआम ब्राउन आणि टुओमास सँडहोम यांनी तयार केलेल्या आणि २०१९ मध्ये ‘सायन्स’मध्ये वर्णिलेल्या प्लुरिबस या सहा खेळाडूंच्या प्रोग्रॅमनेही स्वतःशी खेळून शिकताना लिंप करून पाहिले आणि हळूहळू सोडून दिले. अपवाद फक्त स्मॉल ब्लाइंडचा राहिला, कारण त्याची निम्मी रक्कम आधीच भरलेली असते. खुर्ची बदलली की किंमत बदलते आणि किमतीबरोबर शहाणपणाची व्याख्याही बदलते, याचा इतका स्वच्छ दाखला दुसरा सापडणे कठीण.

रेजवर पुन्हा रेज, म्हणजे थ्री-बेट, हे ब्लाइंडवाल्याचे दुसरे हत्यार. ते वापरताना आकार महत्त्वाचा असतो. बटनच्या २५० वर बिग ब्लाइंडने ७५० केले, तर बटनला १,०५० च्या पॉटसाठी ५०० भरावे लागतात आणि ३२.३ टक्के हिस्सा पुरतो. शेवटी बोलण्याचा हक्क हाताशी असताना ही किंमत त्याला गोड लागते. तेच १,१०० केले, तर १,४०० च्या पॉटसाठी ८५० भरावे लागतात आणि गरज ३७.८ टक्क्यांवर जाते. आधी बोलण्याची अडचण भरून काढायची तर समोरच्याला महाग पडेल असा आकार घ्यावा लागतो. कोणत्या पानांनी थ्री-बेट करायची, याचे उत्तरही हिशेबातूनच येते. एक्के, राजे, राण्या यांच्या जोड्या तर हव्यातच. पण फक्त त्यांनीच केली तर समोरचा सावध होऊन डाव सोडतो आणि चांगल्या पानांचे मोल वसूल होत नाही. म्हणून त्यांच्या जोडीला काही निवडक हलकी पाने घ्यावी लागतात. एका रंगाचे एक्का-पंजी हे त्यातले आवडते उदाहरण. आपल्या हातात एक्का असला, की समोरच्याकडे एक्क्यांची जोडी असण्याचे सहा मार्ग तिनावर येतात आणि एक्का-राजा असण्याचे सोळा मार्ग बारावर. म्हणजे ज्या पानांनी तो उलटून अंगावर येईल तीच पाने आपण कमी केलेली असतात. तरीही कॉल आलाच, तर फ्लश आणि लहान स्ट्रेट यांची आशा शिल्लक राहते. थापेची चाल बेभानपणे करायची नसते, पाने निवडून करायची असते, हे सैद्धांतिकांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. जॉन फॉन नॉयमन यांनी १९२८ साली खेळांच्या गणितावर पायाभूत लेख लिहिला. ऑस्कर मॉर्गेनस्टर्न यांच्यासह लिहिलेल्या १९४४ च्या ग्रंथात त्यांनी पोकरला स्वतंत्र विवेचन दिले आणि थाप मारणे हा चांगल्या खेळाचा अटळ घटक आहे हे दाखवून दिले.

फ्लॉप पडल्यावर ब्लाइंडवाल्याची कसोटी लागते. कॉल झाल्यावर पॉटमध्ये ५५० चिप आहेत. समोरचा १८० ची छोटी बेट लावतो. तिला फायद्यात येण्यासाठी चारांत एकदाच डाव सुटायला हवा. आणि आपले काही जुळले नाही असे तर तीनांत दोनदा होणार! जुळले नाही की सोडायचे, या सवयीने खेळणारा इथे दर डावाला पैसे वाटत असतो. म्हणून न जुळलेल्या पानांतली जरा बरी पाने, म्हणजे समाईक पानांहून मोठे पान असलेली, स्ट्रेट किंवा फ्लशची पुसट शक्यता राखणारी, अशी पाने घेऊन पुढच्या फेरीत जावे लागते आणि त्यांतल्या काहींनी चेक करून मग रेज करावे लागते. बोर्ड, म्हणजे उघडलेली समाईक पाने, कोणाच्या बाजूची आहेत हेही ओळखावे लागते. राजा-सत्ती-दुर्री अशा तीन वेगळ्या रंगांच्या फ्लॉपवर रेज करणाऱ्याचे पारडे जड असते. एक्क्यांची आणि राजांची जोडी, एक्का-राजा ही पाने ब्लाइंडवाल्याकडे असती तर त्याने थ्री-बेट केली असती, हे दोघांनाही ठाऊक असते. छक्की-पंजी-चौकी अशा फ्लॉपवर मात्र अठ्ठी-सत्ती, सत्ती-तिर्री, छक्की-पंजी, पंजी-चौकी ही पाने ब्लाइंडवाल्याच्याच हाती अधिक संभवतात. आधीच्या फेरीत नुसता कॉल केलेल्याने पुढची फेरी स्वतः बेट लावून उघडणे ही चूक मानण्याची जुनी समजूत आहे. प्लुरिबसने ती मानली नाही. व्यावसायिक खेळाडूंपेक्षा तो ही चाल कितीतरी जास्त वेळा करताना आढळला. बोर्ड ज्याचा, त्याने बोलायला काय हरकत आहे?

तिसरा आक्षेप यंत्रांबद्दलचा आहे. संगणकाचा समतोल खेळ निर्दोष प्रतिस्पर्धी गृहीत धरतो, प्रत्यक्ष टेबलावर तर माणसे बसतात आणि माणसे चुका करतात. मग यंत्राची नक्कल कशाला? नक्कल करू नयेच. २०१७ मध्ये लिब्राटस या प्रोग्रॅमने पिट्सबर्गच्या कॅसिनोत चार व्यावसायिक खेळाडूंविरुद्ध वीस दिवसांत १,२०,००० डाव खेळून निर्विवाद विजय मिळवला. त्यातून आपल्याला काय घ्यायचे? नकाशा घ्यायचा. समतोल खेळ ठाऊक असला, तरच समोरचा त्यापासून कोणत्या बाजूला ढळला आहे हे कळते. बटनवाला निम्म्याऐवजी फक्त वीस टक्के पानांनी रेज करतो असे दिसले, की त्याच २७.३ टक्के किमतीला आपण कितीतरी पाने सोडायला हवीत. स्मॉल ब्लाइंड प्रत्येक डावात लिंप करतो असे दिसले, की आपले रेज वाढायला हवे. नकाशाशिवाय केलेले असे बदल म्हणजे मनाचे खेळ असतात. नुकताच हरलेला माणूस समोरच्याला चोर समजतो आणि जिंकलेला त्याला भित्रा समजतो. दोन्ही वेळा पुरावा नसतो.

शेवटचा आक्षेप खेळाच्या पलीकडचा आहे आणि त्याला बगल देणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. हे शेवटी पैशांचे पत्तेच, मग त्यावर एवढा विचार कशासाठी? पोकरमध्ये कौशल्य आहे हे वरच्या सगळ्या विवेचनातून दिसते, पण कौशल्यामुळे धोका नाहीसा होत नाही. ब्लाइंडमधला चांगला खेळ डावामागे दहा-वीस चिप वाचवतो आणि एका डावात हजारो चिप हरता-जिंकता येतात. काही रात्रींच्या, काही आठवड्यांच्या खेळात नशीब कौशल्याला सहज झाकून टाकते. जो माणूस घरखर्चाचा पैसा टेबलावर आणतो त्याला हे पुस्तक वाचवू शकणार नाही आणि त्याने खेळूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कायद्याची स्थितीही वाचकाने जाणून घ्यावी. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने मंजूर केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर, ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, देशभर बंदी घातली आहे. महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आजही लागू आहे. गोव्यात १९७६ च्या कायद्यातील दुरुस्त्यांमुळे मांडवीतल्या जहाजांवरचे आणि काही हॉटेलांतले कॅसिनो परवान्याने चालतात. असे असूनही या विषयाचा अभ्यास मला मोलाचा वाटतो. अपुऱ्या माहितीत, वाईट जागेवरून, भावनेला बाजूला सारून निर्णय घेण्याचे इतके नेमके, आकड्यांत तपासता येणारे शिक्षण फार थोड्या विषयांत मिळते. ते घ्यायला खऱ्या पैशांची गरज नाही. पत्त्यांचा जोड, बटणे किंवा चिंचोके आणि वही-पेन्सिल एवढे पुरेसे आहे.

पुढची मांडणी याच क्रमाने आहे. आधी किंमत आणि वसुली, मग बिग ब्लाइंडचा बचाव, त्यानंतर स्मॉल ब्लाइंड, थ्री-बेट, दोन ब्लाइंडमधली आपसातली लढत, फ्लॉपनंतरच्या तीन फेऱ्या आणि शेवटी स्पर्धांमधले वेगळे हिशेब. वाचकाला एकच विनंती आहे. प्रत्येक उदाहरणात उत्तर वाचण्याआधी पॉट किती, भरायचे किती आणि सोडल्यास तोटा किती, हे तीन आकडे स्वतः लिहून काढावेत आणि मगच पान उलटावे. सुरुवातीला वेळ लागेल, पण पन्नास-साठ उदाहरणांनंतर हे आकडे आपोआप डोळ्यांसमोर येऊ लागतात. तोवर निकालाकडे पाहू नये. ब्लाइंडच्या खुर्चीत बसून योग्य खेळणाराही बहुतेक वेळा हरतो. तो किती कमी हरला, एवढाच त्याच्या खेळाचा निकाल असतो.